पीक कापणी प्रयोगातले संख्याशास्त्र

एखाद्या महसूल मंडळात सोयाबीनचे हेक्टरी उत्पादन किती आले हे ठरवण्यासाठी तेथील प्रत्येक शेत कापून तोलणे शक्य नसते. म्हणून मंडळातील सोयाबीनच्या सर्व शेतांतून, म्हणजेच समष्टीतून, मोजकी शेते निवडली जातात आणि त्यांना नमुना म्हटले जाते. ही निवड यादृच्छिक असावी लागते; कोणते शेत घ्यायचे हे तलाठ्याच्या किंवा शेतकऱ्याच्या पसंतीवर न सोडता यादृच्छिक संख्यांवरून ठरवले जाते. यादीतील 400 शेतांतून 4 निवडायची असतील, तर प्रत्येक शेत नमुन्यात येण्याची संभाव्यता 4 भागिले 400, म्हणजे 1 टक्का होते, आणि ती रस्त्याकडेच्या काळ्या कसदार रानाला जेवढी, तेवढीच आडबाजूच्या मुरमाड तुकड्यालाही असते.

निवडलेल्या शेतातही नेमके कोठे कापायचे हा प्रश्न उरतोच. त्यासाठी नैर्ऋत्य कोपऱ्यापासून लांबीला आणि रुंदीला यादृच्छिक संख्येइतकी पावले मोजून, खुंट्या रोवून आणि दोरी ताणून साधारणतः 10 मीटर लांब व 5 मीटर रुंद प्लॉट आखतात. त्यातले पीक कापून, मळून, दाण्यांचे वजन करतात. ते 200 ने गुणले की हेक्टरी उत्पादन मिळते.

उदाहरणादाखल चार प्लॉटांतून 4, 5, 5 आणि 10 किलो सोयाबीन निघाले असे धरले, तर सरासरी, म्हणजे मध्य, 6 किलो येतो आणि हेक्टरी उत्पादन 12 क्विंटल ठरते. चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा मध्यक मात्र 5 किलो, म्हणजे हेक्टरी 10 क्विंटल आहे, आणि सर्वाधिक वेळा आलेली संख्या, म्हणजे बहुलक, तोही 5 च आहे. एका बागायती शेताने मध्य वर ओढला आहे. पीक विम्याची भरपाई सरासरी उत्पादनावर ठरत असल्यामुळे चारांपैकी तिघांच्या पदरी जे आले, त्याहून मंडळाचे चित्र बरे दिसते. मूल्ये मध्यापासून किती विखुरली आहेत हे प्रमाण विचलन सांगते. येथे ते सुमारे 2.3 किलो, म्हणजे 6 च्या मानाने बरेच मोठे आहे.

नमुना वाढवला की योगायोगाने येणारी चूक घटते. प्लॉटांची संख्या चौपट केली तर ती साधारण निम्मी होते. एकाच दिशेला झुकणारी चूक, जिला अभिनती म्हणतात, ती मात्र अशी घटत नाही. 1940 च्या दशकात बंगालमध्ये संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस पीक कापणीसाठी लहान प्लॉट वापरत असताना, सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी हाच मुद्दा लावून धरला: कडेवरची रोपे आत धरण्याकडे कापणाऱ्याचा कल असतो, म्हणून लहान प्लॉट उत्पादन फुगवून दाखवतो. एका चौरस मीटरच्या चौकोनी प्लॉटला 4 मीटर कड असते, तर 10 बाय 5 च्या प्लॉटला दर चौरस मीटरमागे अवघी 0.6 मीटर.