खुडूक कोंबडी आणि तिची मालकीण

कोंबडीचं अंडं उबायला किती दिवस लागतात? एकवीस. तापमान किती लागतं? साधारण साडेसदतीस अंश सेल्सियस. पाठ्यपुस्तकातून एवढं कळतं आणि परीक्षेला एवढं पुरतं. पण समजा, शाळेत मुलांसमोर खरोखरच दहा अंडी उबवून दाखवायची आहेत. मग किती दिवसांपूर्वीची अंडी चालतील? ती तोवर ठेवायची कुठे? कोंबडी कुठली घ्यायची आणि तिला बसवायची केव्हा? ही उत्तरं ज्यांना ठाऊक आहेत त्यांची घरं बहुधा शाळेच्या कुंपणाला लागूनच असतात. घरामागे आठ-दहा गावठी कोंबड्या, त्यांतून मीठ-मिरचीचा आणि मुलांच्या वह्यांचा खर्च भागवणाऱ्या बाया त्या.

अशा जाणकारांकडे शिकायला जायची पद्धत जुनी आहे. चार्ल्स डार्विनने १८५५ साली कबुतरं पाळायला घेतली, लंडनच्या कबुतरवाल्यांच्या क्लबांत तो जाऊन बसला आणि कोंबड्यांविषयी विल्यम टेगेटमायर या जाणकाराला वर्षानुवर्षं पत्रं लिहून प्रश्न विचारत राहिला. पाळीव प्राणी आणि वनस्पतींमधल्या बदलांवर १८६८ साली त्याचा ग्रंथ आला, त्यात अशा लोकांनी दिलेली माहिती भरपूर आहे. मात्र प्रत्येक जातीचा रानटी पूर्वज निराळा, असं बहुतेक पैदासकारांचं ठाम मत होतं. डार्विनने त्यांची निरीक्षणं घेतली, हे मत घेतलं नाही. समोरचा माणूस काय करतो आणि त्याचं कारण काय सांगतो, या दोन गोष्टी वहीत वेगवेगळ्या रकान्यांत लिहाव्यात. गेली काही वर्षं सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांमधून फिरताना मला याचा फार उपयोग झाला.

एक साधं कोडं घेऊ. गावठी कोंबडी साधारण रोज एक, मधूनमधून खाडा करत, अशी बारा-पंधरा अंडी घालते आणि मग त्यांवर बसते. म्हणजे पहिलं आणि शेवटचं अंडं यांच्या वयात पंधरा-वीस दिवसांचं अंतर. तरीही सगळी पिल्लं दीड-दोन दिवसांत एकदमच बाहेर येतात. असं का?

अंडं बाहेर पडतं तेव्हा, फळलेलं असेल तर, आतल्या गर्भात हजारो पेशी तयार झालेल्या असतात, कारण कोंबडीच्या पोटात, सुमारे एक्केचाळीस अंशांच्या उबेत, तो जवळजवळ एक दिवस वाढलेला असतो. बाहेर येऊन अंडं थंड झालं की वाढ थांबते. सुमारे वीस-एकवीस अंशांखाली ती जवळपास पूर्ण थांबते. गर्भ मरत नाही, नुसता थांबून राहतो. कोंबडी बसली की सगळ्या अंड्यांना एकाच दिवशी ऊब मिळते आणि शर्यत एकाच रेषेवरून सुरू होते.

आता उन्हाळ्यात काय होईल बघा. घरात पस्तीस अंश असतील तर अंडं ना धड थांबलेलं, ना धड वाढणारं. गर्भ अर्धवट वाढून मरतो. म्हणून तर या बाया अंडी धान्याच्या कणगीत, राखेत किंवा पाण्याच्या माठाशेजारी ठेवतात. धान्यात पुरलेल्या अंड्याला दुपारचा चटका आणि रात्रीचा गारवा दोन्ही कमी लागतात, माठाच्या पाझरामुळे भोवतीची जागा थंड राहते. ‘‘पहिली चार खायला, मागची बसवायला,’’ असं एका मावशींनी सांगितलं. आठवड्याहून जुन्या अंड्यांतून पिल्लं कमी निघतात हे प्रयोगांनी दिसलेलं आहे. मावशींनी तेच चार शब्दांत सांगितलं होतं.

अंडी घालणं थांबवून कोंबडी खुडूक होते म्हणजे काय? तिच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढत्या प्रमाणात पाझरू लागतं. पोटाखालची पिसं विरळ होतात, तिथल्या कातडीला रक्तपुरवठा वाढतो आणि अंड्याला थेट कातडीची ऊब मिळते. गंमत अशी की त्या कातडीला अंड्यांचा स्पर्श होत राहिला की प्रोलॅक्टिनही टिकून राहतं. म्हणजे बसण्यानेच बसण्याची इच्छा टिकते. खुडूकपणा मोडायचा असेल तर कोंबडीला पाण्यात बुचकळतात, किंवा खालून वारा लागेल अशा जाळीवर ठेवतात. यात अर्थ आहे, पोट थंड पडलं आणि अंड्यांचा स्पर्श तुटला की संप्रेरक उतरतं. नाकपुडीत पीस खुपसण्याचा प्रकारही पाहायला मिळतो. त्याने कोंबडीला इजा होते आणि त्यामागे काही आधार नाही, तो मात्र बंद करायला सांगावं.

व्हाइट लेगहॉर्नसारख्या जातींमधून माणसाने खुडूकपणा निवडून-निवडून काढून टाकला, कारण बसलेली कोंबडी अंडी देत नाही. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास ते ऐंशी अंडी देते आणि संकरित पांढरी कोंबडी तीनशेच्या वर, त्यातला बराच फरक इथून येतो. हिशेब सोपा वाटतो. म्हणून काही घरांनी गावठी कोंबड्या विकून टाकल्या आणि सुधारित जातीची पिल्लं आणली. अंडी वाढली. पण वर्षा-दोन वर्षांनी कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या तेव्हा अंड्यांवर बसायला घरात एकही कोंबडी नव्हती, पिल्लं दर वेळी पैसे मोजून आणायची. यातून एका आजींनी काढलेली वाट मला आवडली. त्या दोन गावठी कोंबड्या केवळ बसण्यासाठी राखतात आणि त्यांच्याखाली सुधारित कोंबड्यांची अंडी ठेवतात. बसवतात तिन्हीसांजेला, कारण अंधारात कोंबडी बुजत नाही आणि सकाळपर्यंत जागेवर रुळते.

उबवणीत कोंबडी नुसती बसत नाही. ती चोचीने दिवसातून अनेकदा अंडी फिरवते, नाही तर कोवळा गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून प्राणवायू आत जातो आणि पाण्याची वाफ बाहेर पडते. एकवीस दिवसांत अंड्याचं वजन साधारण बारा टक्क्यांनी घटतं, म्हणजे चाळीस ग्रॅमच्या गावठी अंड्यात पाचएक ग्रॅमची घट. शाळेच्या तराजूवर दर आठवड्याला हे मोजता येईल. सातव्या-आठव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत काळ्या पुठ्ठ्याच्या भोकावर अंडं धरून मागून टॉर्च मारा. फळलेल्या अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतील, न फळलेलं अंडं नितळ दिसेल. टॉर्च नव्हते तेव्हा हेच उन्हात, मुठीची नळी करून पाहत.

आता दुसरा रकाना. अंड्यांच्या टोपल्यात लोखंडाचा खिळा पाहून मी विचारलं, ‘‘आजी, हा कशाला?’’

‘‘विजेला. कडाडली की अंडी नासतात.’’

‘‘आणि नाही घातला तर?’’

‘‘घालायचा, बाई. सासूबाई घालायच्या.’’

खिळ्याचा विजेशी काही संबंध नाही. पण पावसाळ्यात अंडी जास्त वाया जातात, हे आजींचं निरीक्षण खरं आहे. दमट हवेत अंड्यातलं पाणी पुरेसं उडत नाही, टोपल्यातलं गवत ओलं होतं, बुरशी धरते. तेव्हा खिळ्यावर वाद न घालता गवताखाली कोरडी राख घालायला सुचवावं.

दुसरी समजूत अधिक पसरलेली आहे. टोकदार अंड्यातून कोंबडा, गोलसर अंड्यातून कोंबडी. ही फार जुनी आहे. ॲरिस्टॉटलने मात्र नेमकं उलट लिहून ठेवलं, लांबट टोकदार अंड्यातून मादी. त्यानंतर सुमारे चारशे वर्षांनी प्लिनीने पुन्हा गोलसर अंड्यातून मादी म्हटलं. एवढे मोठे दोन जाणकार एकमेकांविरुद्ध उभे आहेत, तेव्हा अंड्यालाच विचारायला हवं.

माणसात मुलगा की मुलगी हे पित्याच्या शुक्रपेशीवर ठरतं. पक्ष्यांत उलट आहे. कोंबड्याची दोन लिंगगुणसूत्रं सारखी, झेड-झेड, कोंबडीची वेगळी, झेड-डब्ल्यू. पिल्लू नर की मादी हे कोंबडीच्या बीजपेशीत कुठलं गुणसूत्र राहिलं यावर ठरतं आणि तो निर्णय पिवळा बलक अंडाशयातून सुटण्याच्या जरा आधीच झालेला असतो. त्यानंतर बलक अंडनलिकेत येतो, त्यावर पांढरं चढतं, मग आकार देणारे पापुद्रे, आणि शेवटचे सुमारे वीस तास कवच. आकार ठरवणारी नळी आतल्या गुणसूत्राची चौकशी करत नाही. एकच कोंबडी वर्षभर बहुधा एकाच घडणीची अंडी घालते, तरी तिची पिल्लं निम्मी-निम्मी निघतात.

मग ही समजूत टिकते कशी? कारण ती निम्म्या वेळा बरोबर येते आणि बरोबर आलेल्या वेळाच लक्षात राहतात. वर्गात तपासून पाहायची असेल तर टोकदार अंडी एका कोंबडीखाली आणि गोलसर दुसरीखाली ठेवा, कारण कवच फुटल्यावर कुठलं पिल्लू कुठल्या अंड्यातलं हे कळत नाही. दोन महिन्यांनी तुरे पाहून मोजा. एक इशारा. बारा पिल्लांत सहा-सहा अशी समान वाटणी शंभरांत सुमारे तेवीसच वेळा येते, आणि आठ-चार किंवा त्याहून विषम वाटणी शंभरांत सुमारे एकोणचाळीस वेळा, निव्वळ योगायोगाने. एका खेपेवर निकाल देऊ नका. अकरावी-बारावीच्या मुलांना हे आकडे काढायला सांगा, नाणी उडवूनही पाहता येईल.

पैदाशीकडे वळू. चांगला कोंबडा शेजारून आणला, पण पिल्लं जुन्याच्या रंगाची निघाली, अशी तक्रार ऐकू येते. कोंबडीच्या अंडनलिकेत शुक्रपेशी साठवून ठेवणाऱ्या बारीक नळ्या असतात, एकदाच्या संयोगानंतर दोन-तीन आठवडे अंडी फळत राहतात. नवा कोंबडा आणल्यावर, जुना बाजूला करून, तीन आठवडे थांबावं. याहून मोठं नुकसान जत्रेच्या दिवसांत होतं. सगळ्यांत दांडगा, लवकर वाढलेला कोंबडा आधी विकला किंवा कापला जातो आणि मागे राहिलेला मरतुकडा पुढच्या पिढीचा बाप होतो. दरवर्षी उलटी निवड! उलट अर्धलीची रीत चांगली आहे. आपली कोंबडी दुसरीला सांभाळायला द्यायची आणि पिल्लं निम्मी वाटून घ्यायची. त्याने रक्त मिसळतं, शिवाय सगळ्या कोंबड्या एका खुराड्यात राहत नाहीत.

हे दुसरं कारण महत्त्वाचं, कारण मानमोडी आली की एका आठवड्यात खुराडं रिकामं होतं. माना वाकड्या होतात, हिरवट हगवण लागते. हाच राणीखेत रोग. १९२० च्या दशकात कुमाऊँमधल्या राणीखेत इथे नोंदला गेला म्हणून त्याचं हे नाव. तो विषाणूने होतो, औषध नाही, आणि इथे अनुभव हात टेकतो. आजारी दिसताच कोंबड्या बाजारात विकून टाकायची रीत समजण्यासारखी आहे, पण तिनेच रोग पुढच्या गावी जातो. अचानक बरीच मर झाली तर मेलेल्या पक्ष्यांना मुलांनी हात लावू नये, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावं. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला आढळलेला बर्ड फ्लूही अशाच मरीतून उघडकीला आला होता.

लस मात्र आहे. पहिल्या आठवड्यात लासोटा किंवा एफ जातीच्या लशीचा एक थेंब डोळ्यात, पुढे दोन महिन्यांच्या सुमारास आरटूबीची सुई. अडचण आहे कुपीची. एका कुपीत शंभर किंवा अधिक पक्ष्यांची लस, घरी कोंबड्या आठ, आणि लस कालवली की दोनएक तासांत संपवावी लागते, तीही बर्फावर ठेवून. म्हणजे बारा-पंधरा घरांनी एकाच दिवशी टोचायला हवं. सकाळी नऊला डॉक्टर पोचतात तेव्हा कोंबड्या शेतभर पांगलेल्या असतात. एका गावात बायांनी यावर उपाय केला. आदल्या संध्याकाळीच सगळ्या कोंबड्या डालग्यांखाली झाकल्या, आंब्यावर झोपणाऱ्या तेवढ्या चार रात्री फांदीवरून उतरवल्या, आणि सकाळी दीड तासात सगळ्या घरांच्या कोंबड्या टोचून झाल्या.