रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे

मूडलसारख्या ऑनलाइन शिक्षणप्रणालीच्या गुणपत्रकात असाइनमेंट न देणाऱ्या विद्यार्थ्यासमोर नुसती रेघ दिसते. शिक्षकाला वाटतं, शून्य धरलं गेलं असेल. तसं होत नाही. मूडलमध्ये रिकामे गुण हिशेबातून वगळण्याची सोय मुळातच चालू असते.

समजा, प्रत्येकी २० गुणांच्या तीन असाइनमेंट आहेत. एका विद्यार्थिनीने दोनमध्ये १६ आणि १८ मिळवले, तिसरी दिलीच नाही. रकाना रिकामा राहिला तर तिचे ४० पैकी ३४, म्हणजे ८५ टक्के. तिथे शून्य भरलं की ६० पैकी ३४, अवघे सुमारे ५७ टक्के. तिन्ही वेळेवर देऊन प्रत्येकी १५ मिळवणारी ७५ टक्क्यांवर असते; रिकाम्या रकान्यामुळे काम चुकवणारी तिच्या पुढे जाते. हा सरळ अन्याय आहे.

पण वगळण्याची सोय सत्राच्या सुरुवातीलाच बंद करू नये. तसं केलं तर मुदत न संपलेल्या कामांचंही शून्य धरलं जातं आणि मुलं उगाच धास्तावतात. मुदत आणि दिलेली सवलत संपली की शून्य भरावं. एकेका कामाच्या रिकाम्या जागा एकदम भरण्याची सोयही मूडलमध्ये आहे. तपासायची राहिलेली कामं मात्र आधी तपासून घ्यावीत, नाहीतर काम दिलेल्यालाही शून्य मिळेल.

आजारपणामुळे राहिलेल्या विद्यार्थ्याचं ते काम त्याच्यापुरतं वगळता येतं. तिथे शून्य टाकू नका. आणि यातला नियम कोणता, हे मुलांना पहिल्याच आठवड्यात लेखी कळवा.