चव न घेता होणारा मलिदा

पाच-सहा वर्षांचे पोर हट्टाने सहरीला उठते आणि जाहीर करते, "आज माझापण रोजा!" बारामतीच्या कसब्यात काय किंवा इंदापुरात काय, रमजानमध्ये हे घरोघर घडते. लहान मुलांवर रोजा फर्ज नाही. पण तसे सांगितले तर पोर हिरमुसते, आणि उन्हात दिवसभर उपाशी ठेवणेही बरे नव्हे. मग घरचे त्याला 'अर्धा रोजा' देतात. सूर्य डोक्यावर आला की तो सुटतो आणि पोराचा मानही राहतो. हा रोजा सोडायला बऱ्याच घरांत मलिदा होतो.

करणारी अम्मी स्वतः रोजेदार असते. सालन करताना मिठाची धास्ती असते, कारण चाखून बघायचे नसते. मलिद्याला ती धास्ती नाही. तो हाताला कळतो. सहरीच्या उरलेल्या 2 चपात्या तव्यावर गरम करून बारीक कुस्करायच्या. त्यात 2 चमचे चिरलेला गूळ, चमचाभर तूप आणि चिमूटभर वेलदोडा घालून तळव्यांनी मळायचे. मूठ दाबून पाहावी. लाडू टिकला तर तूप पुरेसे आहे, फुटला तर अर्धा चमचा आणखी.

'मलिदा' हा शब्द फारसीतला. 'मालीदन' म्हणजे चोळणे, मळणे. मराठीत मलिदा लाटणारे वेगळेच! दर्ग्यावर फातिहाला ठेवतात तोही मलिदाच, आणि शेजारच्या मराठी घरातले मूल हाच पदार्थ पोळीचा लाडू म्हणून मागते. हा मुलूख मूळचा ज्वारी-बाजरीचा. 1885 च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले आणि पुढे ऊस वाढला. बाजरीची गरम भाकरी आणि गूळ यांचा मलिदा आजही थंडीत होतो.

दुपारी पोर दोन लाडू खाते. शहाणे असेल तर तिसरा वाटीत झाकून ठेवते. मगरिबची अजान होते, अम्मी खजूर खाऊन रोजा सोडते, तेव्हा ती वाटी तिच्यापुढे येते. दुपारी आपण केलेल्या मलिद्याची चव तिला संध्याकाळी कळते. गूळ थोडा कमी पडलेला असतो. पोर विचारते, "चांगला झालाय ना?" ती मान डोलावते आणि उरलेला अर्धा लाडू त्याच्याच तोंडात घालते.