एक केंद्र बंद, अख्खे बेट अंधारात

क्यूबातील मातान्सास शहरालगत आन्तोनियो गितेरास हे तेलावर चालणारे औष्णिक वीजकेंद्र आहे. १८ ऑक्टोबर २०२४ रोजी ते अचानक बंद पडले आणि सारा देश अंधारात गेला. एका केंद्राच्या बिघाडाने असे का व्हावे?

येथे देशातच निघणारे कच्चे तेल जाळले जाते. ते घट्ट असल्याने आधी तापवून पातळ करतात, मग बर्नरमधून त्याचा बारीक फवारा उडवून पेटवतात. बॉयलरमध्ये तयार झालेली वाफ टर्बाइन फिरवते आणि टर्बाइन जनित्राला. या तेलात गंधक भरपूर असते. त्यापासून बनणारी आम्ले धातू कुरतडतात, नळ्यांवर राख साचते आणि बिघाड वाढतात.

वीज तारांमध्ये साठत नाही. मागणीइतकी निर्मिती त्याच क्षणी व्हावी लागते. क्यूबातील सगळी जनित्रे सेकंदाला ६० आवर्तनांच्या एकाच तालात चालतात. जत्रेतला रथ ओढणारा सर्वांत ताकदवान गडी बाजूला झाला की रथ मंदावतो, तसा मोठे केंद्र सुटताच हा ताल घसरतो. तो फार उतरला की यंत्रे मोडू नयेत म्हणून उरलेली जनित्रेही आपोआप बंद होतात. क्यूबाच्या बेटाला भार उचलणारे शेजारचे वीजजाळे जोडलेले नाही.

पुन्हा सुरू होण्यासाठीही केंद्रातील पंप-पंख्यांना वीजच लागते. म्हणून आधी लहान डिझेल संच चालवून छोटे विभाग उभे करतात आणि मग ते एकमेकांना जोडत नेतात. बेटाची वीज एकाच मोठ्या केंद्रावर अवलंबून ठेवणे म्हणूनच धोक्याचे असते.