मळसूत्राची मुखत्यारी

मोटारीच्या सस्पेन्शनची जुळवणी आपल्या हाती घ्यावी का? एक जमाखर्च

मोटार धावत असताना तिच्या चाकांच्या आणि तिच्या धडाच्या मागण्या परस्परविरुद्ध असतात. चाकाला रस्त्याचा प्रत्येक चढउतार अंगी घेऊन जमिनीला चिकटून राहावयाचे असते, कारण जमीन सुटली की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही निरुपयोगी. आणि धडाला, म्हणजे पर्यायाने आत बसलेल्या तुम्हांआम्हांला, खाली रस्ता आहे याची वार्ताही नको असते. या दोन पक्षांत स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर (गॅरेजमधले मिस्त्री ज्याला ‘शॉकप’ म्हणतात तो) हे दोघे मध्यस्थी करून जो तह घडवून आणतात, त्याचे नाव सस्पेन्शन. कोशाच्या आधाराने त्याला ‘निलंबन’ म्हणता येईल. परंतु त्या शब्दाने मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे मोटार न येता खात्याची चौकशी लागलेला कारकून उभा राहतो, म्हणून तो शब्द आपण सोडून देऊ.

या तहाचा मसुदा कारखान्यातील अभियंता करतो आणि तो करताना एकट्याने कचेरीत जाणारा गृहस्थ, पाच माणसे व चार बोचकी घेऊन गावी निघालेले कुटुंब, सपाट महामार्ग आणि पावसाळ्यानंतरची गल्ली या सर्वांचे समाधान त्याला एकाच स्प्रिंगमध्ये करावे लागते. साहजिकच कोणाचेच पूर्ण समाधान होत नाही. आणि मग बाजारात कलमे बदलण्याची साधने मिळतात, ती घेण्याचा मोह होतो. आट्यांच्या नळीवर चकती फिरवून मोटारीची उंची बदलू देणारे कॉइलओव्हर, टोकाशी असलेली कळ ‘क्लिक’ मोजून फिरवली की कमीअधिक विरोध करणारे शॉकॲब्सॉर्बर आणि पोलादी स्प्रिंगच्या जागी हवेच्या पिशव्या, हे त्यांचे प्रमुख प्रकार. ते घ्यावे की नाही, हा प्रश्न हौसेचा वाटला तरी त्याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे.

स्प्रिंगचे दबणे तिच्यावरील भाराच्या प्रमाणात असते, हा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली सविस्तर मांडला. या साध्या नियमापासून एक विलक्षण निष्कर्ष निघतो: मोटारीचा भार वर टेकल्यावर स्प्रिंग किती दबते एवढे कळले, की मोटारीचे वजन, किंमत वा कुलशील यांची चौकशी न करता ती सेकंदाला किती वेळा वरखाली झुलेल हे सांगता येते. स्प्रिंग २५ सेंटिमीटर दबली तर सेकंदाला एक झोका. साडेबारा दबली तर सुमारे १.४, सव्वासहा दबली तर दोन. घरगुती मोटारी साधारणतः एक ते दीड झोक्यांच्या मर्यादेत ठेवलेल्या असतात, आणि संथ चालणाऱ्या माणसाच्या पावलांची गतीही याच्या आसपासची असल्याने ते झुलणे आपल्याला सुसह्य होते. याउलट सेकंदाला चार ते आठ कंपने ही मानवी शरीराला, विशेषतः पोटाला आणि पाठीच्या कण्याला, सर्वांत जाचक. म्हणून स्प्रिंग जसजशी ताठ करावी, तसतसे आपण त्या जाचक इलाख्याच्या दिशेने सरकत जातो.

शॉकॲब्सॉर्बरचे काम निराळे. स्प्रिंगने साठवलेली ऊर्जा, तेल बारीक छिद्रांतून ढकलून उष्णतेच्या रूपाने खर्ची टाकणे, हे त्याचे नेमून दिलेले कर्तव्य. एकही उलट झोका न घेता स्प्रिंग मूळ जागी यावी यासाठी जेवढा विरोध लागतो, त्याच्या सुमारे पाव ते एकतृतीयांश विरोधावर घरगुती मोटारीचा संसार चालतो. विरोध कमी पडला तर मोटार खड्ड्यानंतरही नावेसारखी हेलकावत राहते. आणि स्प्रिंग परत उघडताना होणारा विरोध फाजील असला, तर पाठोपाठ येणाऱ्या खड्ड्यांत स्प्रिंगला पुरते उघडण्याची सवड न मिळून मोटार प्रत्येक धक्क्यागणिक खाली खाली बसत जाते. ज्याने कळ ‘कडक’ बाजूला पिळून ठेवली, त्याची मोटार खडबडीत रस्त्यावर नेमकी याच कारणाने आपटते, आणि तो बिचारा कळ आणखी पिळतो.

जुळवणीची ही कल्पना मात्र नवी नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी प्रचारात आलेल्या हार्टफर्ड पद्धतीच्या घर्षणयंत्रांत, एकमेकींवर घासणाऱ्या चकत्यांवरील नट आवळला की विरोध वाढे. या विचाराचा सर्वांत डौलदार आविष्कार ऑक्टोबर १९५५ मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात मांडलेल्या सित्रोएन डी.एस. या गाडीत झाला. पॉल माजेस या अभियंत्याने तिच्यात पोलादी स्प्रिंगऐवजी गोलकांत कोंडलेला नायट्रोजन वायू आणि दाबाखालील तेल यांची योजना केली होती. इंजिन सुरू होताच ती बसल्या उंटासारखी उठे, आणि पाठीमागे तीन माणसे बसली तरी तेलाचे प्रमाण आपोआप वाढून तिची पातळी ढळत नसे. शिवाय एक दांडा सरकवून चालकाला उंची बदलण्याची मुभा होती. वायूचा गुण असा की भार वाढला की त्याचा ताठपणाही वाढतो. म्हणून रिकाम्या आणि भरल्या गाडीच्या झोक्यांत पोलादी स्प्रिंगसारखी मोठी तफावत पडत नाही. हवेच्या पिशव्यांचा खरा लाभ आजही हाच आहे. पण या वैभवाची किंमतही डी.एस.नेच दाखवून दिली. तिचे आरंभीचे तेल हवेतील ओलावा शोषून आतील भागांना गंज चढवी, आणि शेवटी १९६६च्या सुमारास त्याच्या जागी हिरवे खनिज तेल आणावे लागले.

आता जमेची बाजू पाहू. ज्याच्या गाडीवरील भार खरोखर बदलता आहे, म्हणजे जो आठवडाभर रिकामा आणि रविवारी सामान लादून हिंडतो, त्याला उंचीची व विरोधाची जुळवणी वरदान आहे. जो सुट्टीच्या दिवशी शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर गाडी चालवतो, त्याला पुढील व मागील चाकांत ताठपणाची वाटणी बदलून वळणावरील वर्तन सुधारता येते. कारण टायरवरील भार दुप्पट झाला तरी त्याची पकड दुप्पट होत नाही, त्यामुळे ज्या टोकाला अधिक ताठपणा तिथे वळणावर भाराची ओढाताण अधिक आणि पकड आधी सुटते. आणि शॉकॲब्सॉर्बर झिजून ढिला पडू लागला की कळ थोडी फिरवून त्याचे आयुष्य वाढवता येते, हा फायदाही लहान नाही.

खर्चाची बाजू मात्र पुष्कळांच्या नजरेआड राहते. गाडी खाली आणली की ती वळणावर अधिक स्थिर होते, हा लोकप्रिय समज अर्धाच खरा आहे. समजा, स्प्रिंगला आणखी दबावयास आठ सेंटिमीटर जागा होती आणि गाडी चार सेंटिमीटर खाली आणल्यावर ती चारच उरली. साठणारी ऊर्जा दबण्याच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने, तोच धक्का निम्म्या जागेत जिरवावयाचा तर स्प्रिंग चौपट ताठ हवी. आणि चौपट ताठ स्प्रिंग म्हणजे दुप्पट जलद झोका. शिवाय अनेक लहान मोटारींच्या पुढच्या चाकांना असलेल्या मॅकफर्सन रचनेत गाडी फार खाली आणली की खालच्या दांड्यांचा कल बदलतो, आणि धड ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षाही अधिक वेगाने खाली जातो. परिणामी कलण्याची प्रवृत्ती कमी न होता वाढू शकते. चाकांचा कोन बिघडून टायरची आतली कड झिजते ती निराळीच, म्हणून प्रत्येक बदलानंतर अलाइनमेंट आणि हेडलाइटचा रोख पुन्हा तपासणे प्राप्त होते. कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत आटे गंजून चकती जागीच धरून बसली, तर ज्यासाठी पैसे मोजले तो जुळवणीचा अधिकारच संपुष्टात येतो.

गतिरोधकाचा हिशेबही करण्याजोगा आहे. भारतीय रस्ते परिषदेच्या प्रमाणानुसार ताशी २५ किलोमीटर वेगासाठीचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच पण ३.७ मीटर रुंद, म्हणजे १७ मीटर त्रिज्येचा कमानदार असावा. अडीच मीटर अंतरावर चाके असलेल्या गाडीच्या पोटाखाली तो जेमतेम साडेचार सेंटिमीटर वर येतो. परंतु गल्लीत कोणीतरी हौसेने घातलेला अरुंद उंचवटा तितकाच उंच असला तर पुरते दहा सेंटिमीटर मागतो. आणि मुळात सतरा सेंटिमीटर असलेल्या मोकळ्या जागेतून चार आपण काढून घेतले, दोनतीन सेंटिमीटर माणसांच्या भाराने गेले, की शिल्लक काय राहते ते वाचकांनीच मांडून पाहावे.

कायद्याची बाबही नजरेआड करून चालत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम, नोंदणीच्या दाखल्यातील तपशील कारखानदाराने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करण्यास मालकाला मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्या मनाईला दुजोरा दिला आहे. तेव्हा पान्याला हात घालण्यापूर्वी परिवहन कार्यालयाचे आणि विमा कंपनीचे म्हणणे लेखी घ्यावे. अपघातानंतर कैफियत देत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

या सगळ्याचा मथितार्थ असा की जुळवणीचे मळसूत्र तह रद्द करीत नाही. ते तहाची मुखत्यारी कारखान्यातील अभियंत्याच्या हातून काढून आपल्या हाती देते, आणि त्याबरोबर त्याची जबाबदारीही. जिथे परिस्थिती बदलते तिथे ही मुखत्यारी उपयोगाची. जिथे केवळ मर्जी बदलते तिथे आधी जीर्ण रबरी बुश, थकलेले शॉकॲब्सॉर्बर आणि टायरमधील हवा पाहावी, कारण पुष्कळदा तक्रार मसुद्याबद्दल नसून त्याच्या फाटलेल्या कागदाबद्दल असते. आणि तरीही ज्याला जुळवणी हवीच असेल त्याने एका वेळी एकच कळ, तीही दोन क्लिक फिरवावी, त्याच रस्त्यावरून पुन्हा जाऊन यावे आणि आकडा वहीत मांडून ठेवावा. ज्याने पहिल्या दिवशी कळ फिरवून पुढे वर्षभर तिला हात लावला नाही, त्याने न बदलणारे सस्पेन्शनच अधिक दाम मोजून विकत घेतले.