भीमेतील अहिर आणि सागरातील शार्क

आपल्या भीमा नदीत सापासारखा लांबट मासा मिळतो. त्याला आपण सरसकट ‘वाम’ म्हणतो. परंतु या एका नावात दोन निराळे मासे दडले आहेत. पाठीवर सुट्या काट्यांची रांग असेल तर ती नेहमीची वाम. तिचा जन्म आणि मृत्यू नदीतच. पाठ गुळगुळीत असेल तर तो खरा ईल, म्हणजे अहिर. हा जन्मतो समुद्रात, वाढतो नदीत आणि आयुष्यात एकदाच अंडी घालण्यासाठी पुन्हा समुद्रात जाऊन तेथेच मरतो.

या अहिराची तुलना आम्ही व्हेल शार्कशी करणार आहोत. कोकणात त्याला बहिरी म्हणतात. विद्यार्थी मित्र विचारतील, सोलापूरचा आणि शार्कचा संबंध काय? दोघांवर आलेले संकट शेजारी ठेवून पाहिले की तो कळतो.

व्हेल शार्क हा जगातील सर्वांत मोठा मासा. लांबी 18 मीटरपर्यंत जाते, पण खाणे सूक्ष्म जीवांचे. माणसाला त्याच्यापासून भय नाही. गुजरातच्या किनाऱ्यावर त्याच्या यकृताचे तेल लाकडी होड्यांना लावण्यासाठी त्याची शिकार होत असे. तो वयात यायलाच पंचवीसएक वर्षे लागतात, त्यामुळे मारलेल्याची जागा लवकर भरत नाही. 2001 मध्ये भारतात त्याला वन्यजीव कायद्याचे सर्वोच्च संरक्षण मिळाले. 2016 पासून आंतरराष्ट्रीय यादीत तो ‘संकटग्रस्त’ आहे. महाराष्ट्रात 2018 पासून, जाळे कापून असा संरक्षित जीव सोडणाऱ्या मच्छीमाराला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आली. गरीब कोळ्याच्या जाळ्याची किंमत ओळखणारी ही योजना आम्हांला कोरड्या बंदीपेक्षा अधिक शहाणपणाची वाटते.

अहिराचे दुखणे मात्र जाळे कापून सुटणारे नाही. भीमा रायचूरच्या बाजूला कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. समुद्रातून निघालेल्या बोटभर पिल्लाला पंढरपूर गाठायचे तर विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा, पुलिचिंताला, नागार्जुनसागर, श्रीशैलम आणि जुराळा एवढे अडथळे ओलांडावे लागतात. त्यापुढे 1980 मध्ये पूर्ण झालेले आपले उजनी. परतणाऱ्या मोठ्या माशाला वीजनिर्मितीच्या चक्रांत चिरडण्याचा धोका असतो. शिवाय अहिर दीर्घायुषी. धरणामागे म्हातारे मासे वर्षानुवर्षे दिसत राहतात, नवी पिल्ले येणे थांबले तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

आपला अहिर आज यादीत ‘संकटाच्या उंबरठ्यावर’ आहे. त्याचा युरोपातील भाऊबंद 2008 पासून ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला आहे. तेथे बंधाऱ्यांवर पिल्लांसाठी खरबरीत, ओले उतार बांधतात. त्यावरून ती सरपटत वर चढतात. छोट्या बंधाऱ्यांवर हे आपल्याकडेही करता येईल. नागार्जुनसागरच्या 124 मीटर भिंतीपुढे मात्र ते सोपे नाही.

तूर्त एवढे करता येईल. बाजारात असा मासा दिसला तर त्याची पाठ पाहा. काटे नसतील तर मासा कोठे आणि केव्हा मिळाला हे विक्रेत्याला विचारून वहीत लिहा आणि ती नोंद महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या शिक्षकांना दाखवा.