मेलच्या खालची एक ओळ

"घरगुती व्यवसाय आहे, जाहिरातीला पैसे नाहीत, काय करू?" हा प्रश्न मला सारखा येतो. आज त्यातल्या एका फुकट उपायाबद्दल बोलूया. ईमेलची सही. म्हणजे मेल संपल्यावर तुमच्या नावाखाली आपोआप येणाऱ्या त्या दोन-तीन ओळी.

यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आहे हॉटमेलचं. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ ला ते सुरू केलं. जाहिरातीला पैसे फारसे नव्हतेच. त्यांच्यात पैसे गुंतवणारे टिम ड्रेपर म्हणाले, प्रत्येक मेलच्या खाली एक ओळ टाका, की तुम्हीही हॉटमेलवर फुकट ईमेल घ्या. गंमत म्हणजे हे दोघे आधी तयारच नव्हते. लोकांच्या खाजगी पत्रात आपण कशाला घुसायचं? शेवटी ओळ टाकली. दीड वर्षात वापरणारे कोटीच्या घरात गेले आणि १९९७ संपता संपता मायक्रोसॉफ्टने सुमारे ४० कोटी डॉलर्सना हॉटमेल विकत घेतलं.

आता हे चाललं का? कारण मेल ओळखीच्या माणसाकडून यायचा. आणि तो आला, हाच त्या सेवेचा पुरावा होता! वेगळं काही पटवून द्यायची गरजच नाही.

हे वाचून मी काय केलं, ऐका. माझी मावशी कुडाळला असते, आमसुलं आणि कोकम आगळ करते. मी माझ्या सहीत ओळ टाकली: "घरगुती कोकम आगळ, कुडाळहून, पुण्यात घरपोच", आणि पुढे तिचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर. खाजगी मेलमध्ये टाकली तशी ऑफिसच्या मेलमध्येही टाकली. तिथेच माती खाल्ली.

एका शुक्रवारी आमचं रिलीज फसलं आणि क्लायंटची बिलं काही तास निघेनात. शनिवारी सकाळी मी लांबलचक माफीचा मेल लिहिला. चूक कुठे झाली, पुन्हा होऊ नये म्हणून काय करतोय, सगळं मुद्देसूद. आणि खाली कोकम आगळ. क्लायंटचं एका ओळीत उत्तर आलं: तुम्ही नक्की काय विकता? सोमवारी मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं. ओरडला नाही, एवढंच म्हणाला, "हा मेल तुझा नाहीये, कंपनीचा आहे." अप्रेझल तोंडावर होतं, त्यामुळे पुढचे दोन महिने माझी झोप उडाली होती.

तेव्हा कळलं की हॉटमेलची ओळ मेल सोबतच सिद्ध करत होती. माझ्या मेलमधून आगळाची चव कोणाला कळणार? तिथे विकलं जात होतं माझं नाव, आणि त्या दिवशी त्याला किंमत नव्हती. खाजगी मेलमधून मात्र पहिल्या तीन महिन्यांत चार ऑर्डर आल्या. एक आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींची. पार्किंगच्या तक्रारीवर आमचा मेल-मेल चालू होता, त्यातून!

करायचं असेल तर थोडं तांत्रिक. लोगोचं चित्र टाकू नका. बऱ्याच ठिकाणी चित्रं आधी लपवलेली असतात, कधी कधी तर प्रत्येक मेलला अटॅचमेंट म्हणून चिकटतात. साधा मजकूर ठेवा, काय आणि कुठे मिळेल एवढाच. जुन्या युजनेटवर सही चार ओळींत आटपायचा संकेत होता. तिच्या वर दोन डॅश आणि एक स्पेस, म्हणजे उत्तर देताना प्रोग्राम तेवढा भाग आपोआप कापायचा. आजही चार ओळी पुष्कळ झाल्या. जीमेलमध्ये नवीन मेलला एक सही आणि उत्तराला वेगळी किंवा काहीच नाही, असं ठरवता येतं. उत्तराची बंदच ठेवा, नाहीतर दहा उत्तरांच्या साखळीत दहा वेळा आगळ.

आणि हो, ती ओळ अधूनमधून बघत जा. ऑगस्टमध्ये कोणीतरी मावशीला सहा बाटल्या मागितल्या. तिचा लगेच फोन, "रे झिला, आगळ कधीच संपला. ता खालचा काढ आधी!" सध्या तिथे कुळथाचं पीठ आहे.